डबे बाजूला, मी मागच्या सीटवर

अहो सतीशचे बाबा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. एवढ्या संसारात कधी तोंडानं म्हटलं नाही, आता कागदावर लिहायला लाज वाटते. पण खोडलेलं तुम्हाला दिसेलच. तेवढ्यावर भागवून घ्या.

पत्र लिहायला कारणच तसं झालंय. आज सायलीच्या मोटरसायकलला डबे बसले! दोन्ही बाजूंना एकेक, काळे, कडक, किल्लीनं बंद होणारे आणि हवे तेव्हा काढून हातात घेता येणारे. आणि उद्या सकाळी त्या मोटरसायकलवर मी बसणार आहे. मागच्या सीटवर. मी! ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळली असती तर बरं दिसलं नसतं. म्हणून चौथीपर्यंत शिकले होते ते सगळं गोळा करून लिहायला बसले आहे. चुका काढू नका. तुमचंही अक्षर काही मोत्यांचं नव्हतं.

सायली म्हणजे आपल्या सतीशची लेक. तुम्ही गेलात तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जात होती. आता ऑफिसात जाते, आणि स्वतःच्या कमाईची मोटरसायकल घेऊन हिंडते. तुमच्या गाडीसारखी नाही हो ती. तुमची गाडी बोळाच्या तोंडाशी आली की अख्ख्या आळीला कळायचं, समोरच्या वहिनी धुराला भिऊन दूध झाकून ठेवायच्या. हिची नुसती गुरगुरते, पोट भरलेल्या मांजरासारखी.

तुमच्या गाडीवर मी किती वेळा बसले, सांगा बरं? आठवू नका, उगीच दमाल. एकदाही नाही!

कशी बसणार? तुम्ही घडवलेल्या तांब्याच्या घागरी दोन्ही बाजूंना लटकायच्या, आणि मागच्या सीटवर मोठा हंडा. त्याला पोचा पडू नये म्हणून गोधडीत गुंडाळलेला, वर दोरखंडानं आवळलेला. दोराचं दुसरं टोक मीच धरायचे. हंडा नवरीसारखा मिरवत भोरच्या बाजाराला जायचा, आणि खरी बायको कसब्यातल्या बोळात हात हलवत उभी!

परत आलात की वर्णन सुरू. भोरच्या पुढं वरंध घाट लागतो, माथ्यावर एक वळण आहे, तिथं चहाची टपरी आहे, तिथं उभं राहिलं की सगळं कोकण पायाखाली दिसतं. ढग खाली आणि आपण वर, म्हणायचात. मी म्हणायचे, "मग न्या की एकदा." तुम्ही म्हणायचात, "माल जरा कमी झाला की नेतो." माल कमी कसा होणार हो? तुमचा हातोडा कधी थांबला होता का? पुढं घरोघर स्टील आलं, माल खरंच कमी झाला, पण तोवर गाडीच राहिली नाही.

तर सांगत काय होते? हं, सायली.

गेल्या महिन्यात मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. बघते तर ही पोरगी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर भलीमोठी बॅग रबरी दोऱ्यांनी आवळून बघतेय. माझ्या तोंडून निघून गेलं, "परत हंडाच!"

"काय गं आजी?"

"काही नाही. कुठं निघालीस?"

"अजून नाही, नुसतं ट्राय करतेय. वरंध घाटात जायचंय."

घाटाचं नाव ऐकलं आणि लसणाची पाकळी माझ्या हातातून सटकली ती थेट गटारात. मग मी तिला सगळं सांगितलं. हंडा, गोधडी, टपरी, पायाखालचं कोकण, सगळं. ती दोऱ्या सोडत सोडत ऐकत होती. म्हणाली, "आजी, तू खरंच बसशील मागे?"

"बसायला काय झालंय मला? उठायचं नंतर बघू."

त्या दिवसापासून घरात एकच विषय. आजी मागे बसणार तर सामान बाजूला न्यायचं. कापडी पिशव्या मिळतात, खोगिरासारख्या दोन्हीकडे लोंबणाऱ्या, पण त्यांचा पट्टा सीटवरूनच जातो आणि तो मला टोचला असता. शिवाय पावसात आतलं सामान भिजतं म्हणे. म्हणून कडक डबे. सायली त्यांना पॅनिअर म्हणते. मी डबेच म्हणते. आत वस्तू ठेवून वर झाकण लावलं की तो डबा.

"आजी, काढता येणारे घेऊया," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अजिबात नाही. काढता येणारे डबे विकले जातात."

तिला काहीच कळेना. तुम्हाला कळलं ना? की तिकडं जाऊन सोयीस्कर विसरलात?

सतीश दुसरीत होता. माझा रुसवा बघून तुम्ही दुपारची झोप मोडून दोन तांब्याचे डबे घडवलेत. काय सुंदर होते हो ते! हातोडीनं ठोकून अंगभर मठारलेले, उन्हात धरले की ठोका न् ठोका चमकायचा. मोटरसायकलला लोखंडी पट्ट्या लावल्यात आणि डब्यांना कड्या. कडी सोडली की डबा हातात. "आता लहान माल यात, मोठा हंडा बंद, आणि तू मागे," म्हणालात. मी हिरवी साडी काढून ठेवली. तुम्ही म्हणालात, "आधी एकदा बाजार करून येतो, वजन कसं पडतं ते बघतो."

बघून आलात. डबे नव्हते!

"अगं, एकाच्या बायकोला डाळी ठेवायला आवडले. कडी सोडून बघितली, हातातच घेतले. नाही कसं म्हणू?"

आणि दुसरी जोडी केलीत, तीही गेली! कुणाला, तर त्याच माणसाच्या साडूला! मी आठवडाभर आमटीत मीठ घातलंच नाही, आणि तुम्ही मुकाट्यानं जेवलात. हिरवी साडी पुढं सतीशच्या मुंजीत नेसले.

हे ऐकून सायली जिन्यावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. पण आज दुकानात मी माझं सोडलं नाही. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा नाकाच्या टोकावर, आपण विकतोय की उपकार करतोय हे कळू न देणारा. मी विचारलं, "हे सुटणारे आहेत?"

"हो."

"मग न सुटणारे दाखवा. नटबोल्टानं कायमचे आवळलेले."

"आजी, सगळं जग सुटणारे मागतं."

"सगळ्या जगाच्या नवऱ्यांनी डबे विकले नसतील."

त्यानं चष्म्यावरून सायलीकडं बघितलं. सायलीनं छताकडं बघितलं.

मग माझ्या मनात आलं, डबा घ्यायचा तर पारखून घ्यावा. आपण घागर कशी तपासायचो? कोरड्या फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर घागर, आत काठोकाठ पाणी. कागदावर ओल आली की घागर परत भट्टीत. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला, तेवढ्यात मी बाहेरच्या नळावरून बादली भरून आणली आणि डब्यात ओतली. खाली त्याचंच वर्तमानपत्र. आणि अशी पदर सावरून शेजारी उभी राहिले.

तो आला. डब्यात बघितलं. शांतपणे म्हणाला, "आजी, यात पाणी न्यायचं नसतं. पाणी बाहेर ठेवायचं असतं."

"आतलं बाहेर जात नाही म्हणजे बाहेरचं आत येणार नाही."

"वा! रेनकोटसुद्धा पाणी भरूनच घेता का?"

मला हसू आवरेना. पण भरलेला डबा उचलणार कोण? दोघांनी मिळून उचलायला गेलो आणि तो कलंडला तो त्याच्या बुटांवर. कागद कोरडा, दुकानदार ओला! एवढं मात्र खरं हो, रागावला नाही. फडकं माझ्या हातात दिलं.

आणि मग फजिती झाली ती माझी. तो म्हणाला, "आधी बसून तरी बघा, मग न सुटणारे मागा." सायलीच्या गाडीला दोन्ही डबे लावले. मी तयारीनं नऊवारी नेसून गेले होते, दोन्हीकडं पाय टाकून बसायचं म्हणून. पण पाय डब्याच्या वर जाईचना! गुडघा एवढा वर येतो कुठं आता? एका अंगानं बसावं, तर पाय सोडायच्या जागीच डबा. पुढून, मागून, दुकानाच्या पायरीवरून, सगळं करून झालं. सायली माझा दंड धरून उभी. माझं तोंड पडलं. मनात म्हटलं, झालं. आधी हंड्यानं अडवलं, आता डब्यानं.

सायलीनं माझा दंड सोडला. तिनं किल्ली फिरवली. खट्, डावा डबा खाली. खट्, उजवा खाली. म्हणाली, "चढ आता."

पायरीवरून पाय टाकला, आणि बसले हो! कशी बसले ते मलाच कळलं नाही. मी बसल्यावर तिनं दोन्ही डबे पुन्हा अडकवले, खट् खट्. माझे दोन्ही पाय कसे नीट, आणि दोन्हीकडं डब्यांची राखण. आरामखुर्चीत बसल्यासारखी बसले. दुकानदार म्हणाला, "मग? न सुटणारे दाखवू?"

"राहू द्या. ते पाणी तुमच्या बुटांवर नाही, माझ्याच डोक्यावर सांडायला हवं होतं."

पण खरं सांगू? तिथं बसल्या बसल्या एक विचार आला. तुम्ही त्या तांब्याच्या डब्यांना कड्या लावल्या होत्यात, त्या याचसाठी का हो? मला आधी चढवायचं आणि मग डबे अडकवायचे, म्हणून? मी आपली इतकी वर्षं समजत होते, विकायला सोपं जावं म्हणून. तुम्हीही कधी बोलला नाहीत! एवढं कोकणाचं वर्णन करायचात, तेवढ्यात हे एक वाक्य बसलं नसतं का?

असो. तुम्ही बोलला नाहीत, मी मीठ घातलं नाही, फिटंफाट झाली.

सतीशनं मागच्या आठवड्यातच मोडता घालून बघितला होता. "आई, या वयात मोटरसायकल?" मी म्हटलं, "मग कोणत्या वयात? त्या वयात हंडे बसत होते." दोन दिवस फुगून होता, मग गुपचूप माझ्यासाठी हेल्मेट घेऊन आला. त्यात माझा अंबाडा मावेना. शेवटी वेणी घातली. आरशात बघितलं तर तुम्ही ओळखलं नसतंत. की ओळखलं असतंत?

गाडी बोळातून आत आणताना डबे लावून येतच नाही, दोन्ही भिंतींना घासते. मग बोळाच्या तोंडाशी डबे सोडायचे, गाडी आत लावून यायची, आणि एक डबा सायलीच्या हातात, एक माझ्या. आज तसंच आलो. समोरच्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "काय हो इंदूताई, परत बाजार का?" मी म्हटलं, "या खेपेला माल मीच!"

आता संध्याकाळ झालीय आणि घरात सामान भरणं चाललंय. बघण्यासारखं आहे. सूनबाईंनी धपाटे आणि दह्याची चटणी दिली, सतीशनं औषधं, शाल, छत्री, थर्मास आणून ठेवला. वहिनींनी चकल्यांचा डबा पाठवला, म्हणजे डब्यात डबा. झाकणं लागेनात. सायली एका डब्यावर बसली तरी लागेना. शेवटी सतीश एक फुगलेली पिशवी हातात घेऊन म्हणाला, "एवढी एकच, मागच्या सीटवर कुठंतरी..."

आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी उठले, पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

तर तुम्हाला वचन देते. उद्या त्या वळणावर उभी राहीन, चहा पिईन, आणि तुम्ही सांगितलंत त्यातलं खरं किती आणि तिखटमीठ लावून किती ते स्वतःच्या डोळ्यांनी बघीन. आणि यापुढं सायली जिथं जाईल तिथं डब्यात मावेल तेवढंच सामान जाईल. जे मावणार नाही ते घरी राहील. मी राहणार नाही.

वेणी घातलेली,
तुमची इंदू