माझ्या सोबत्यांची गड्डी

३ फेब्रुवारी, शनिवार

हरलो. सलग पाचव्यांदा! आणि खापर कुणाच्या डोक्यावर? माझ्या!

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं पत्ते खेळतो. टायरच्या दुकानाचा मालक – मनातल्या मनात मी त्याला कप्तान म्हणते, कारण स्वतःचे सोडून सगळ्यांचे पत्ते तोच खेळतो – दातांची डॉक्टरीण, ग्रंथपाल आणि मी. या खेळात एकमेकांना हरवायचं नसतं. चौघांनी मिळून खोक्यातल्या किल्लेदाराला पाडायचं. त्याच्या चाली त्याच्या गड्डीतून आपोआप निघतात. जिंकलो तर चौघं, हरलो तर चौघं. प्रत्येकाचा एक नायक आणि घरून जुळवून आणलेली चाळीस पत्त्यांची गड्डी. बाकीचे तिच्यात तलवारी आणि चिलखतं भरतात. माझ्या गड्डीत माणसं आहेत. वैद्य, लोहार, नावाडी, वाटाड्या. सोबती म्हणतात त्यांना.

"काकू, गड्डी आहे की धर्मशाळा?" – कप्तान. काकू! माझ्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान आहे.

त्याचं म्हणणं, सोबती ढालीसारखे वापरायचे. किल्लेदाराचा घाव आला की एकाला पुढे करायचं. तो मेला की दुसऱ्याला. "त्यासाठीच असतात ते!" मी कुणालाच पुढे करत नाही. घाव माझी नायिका झेलते. म्हणून ती लवकर अर्धमेली होते, म्हणून आपण हरतो, असं त्याचं गणित. गणित बरोबर आहे, हेच दुखणं.

निघताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी शेवटची संधी. हरलो तर चौथ्या खुर्चीवर माझा मेहुणा बसेल. मनावर घेऊ नका हं."

घेतलं.

४ फेब्रुवारी, रविवार

कप्तान घरी हजर! हातात गड्डी. "तुमच्यासाठी बांधून आणलीय, काकू. डोकं चालवायला नको."

चहा विचारला नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

त्याची गड्डी उघडून पाहिली. तलवारीच तलवारी, आणि सोबती फक्त तीन. तिघंही मरण्यापुरते. रबर लावून ठेवून दिली.

तीन! नेमके तीनच का घातले त्याने?

तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. बोर्डावर आठ मुली. कुणाचा आवाज बसलाय, कुणाची पाठ धरलीय, हे मला मान न वळवता कळायचं. एकीला उठवायचं, दुसरीला बसवायचं. सगळा भार एकीवर कधी टाकला नाही. सोबत्यांची गड्डीही मी अशीच चालवते. या फेरीला वैद्य राबला, तर पुढच्या फेरीला तो बसेल, लोहार उठेल.

मग आपोआप चालणारं यंत्र आलं. साहेबांनी कामावरून कमी करायला तीन नावं मागितली. "तुम्ही दिली नाहीत तर मी देईन. आणि पहिलं तुमचं असेल."

दिली. चहाच्या सुट्टीआधी दिली. एका कागदावर, माझ्याच सुंदर कॉन्व्हेंटी अक्षरात. तिघींना वाटलं, वरून हुकूम आला. मी तसं वाटू दिलं. तिसरं नाव, जिला मी मनात ठसकी म्हणायचे, तिचं. आठ जणींत मला उलट उत्तर देणारी ती एकटी. शेवटच्या दिवशी तिने माझा हेडफोन पुसून जागेवर ठेवला. "येते, बाई." बस्स.

आता कप्तान सांगणार मला, माणसं कशासाठी असतात ते!

७ फेब्रुवारी, बुधवार

नियमपुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं. छत्तीस पानं, इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. कप्तान मोबाइलवर कुणाचं तरी बघून खेळ शिकला आणि आम्ही कप्तानकडून शिकलो. पुस्तकाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती! शाळेत सिस्टर शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय लेखणी उचलू द्यायच्या नाहीत. त्यापायी खाल्लेल्या पट्ट्या आज वसूल झाल्या.

पान एकोणीस, अगदी तळाशी.

कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर तो डाव माझ्या हातून काढून कप्तानच खेळेल.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीचा फोन. "आई, एका खेळापायी एवढा संताप? बीपी बघ जरा." बघितलं. उत्तम आहे. संतापावरच चाललंय माझं.

गड्डी तीनदा पिसली. त्याची नाही. माझी.

१० फेब्रुवारी, शनिवार

मेहुणा आलाच होता! खिडकीपाशी उभा, खुर्चीकडे बघत.

"माझी गड्डी आणली ना?" – कप्तान.

"आणलीय. पिशवीत आहे. तिथेच राहील."

आठव्या फेरीपर्यंत सगळ्यांची दाणादाण उडाली. डॉक्टरीण रिकाम्या हाताने बसलेली. कप्तानच्या तलवारी संपलेल्या. ग्रंथपाल नेहमीप्रमाणे पत्त्यांआड. माझ्यासमोर मात्र पाच सोबती, धडधाकट, विसावलेले. आणि माझ्या नायिकेचा जीव उरला चार.

किल्लेदाराचा पत्ता उलटला. घाव नऊचा. माझ्यावर!

"वैद्याला पुढे करा!"

"नाही."

"अहो काकू, पत्ता आहे तो! पुठ्ठा!"

"करा ना हो," डॉक्टरीणही म्हणाली. "एकाचाच प्रश्न आहे."

प्रश्न नेहमी एकाचाच असतो. मी नायिका उचलली आणि पालथी घातली.

"संपलं!" कप्तानने पत्ते टेबलावर आपटले. मेहुणा दोन पावलं पुढे आला.

"पान एकोणीस," मी म्हटलं. "वाचा. मोठ्याने."

ग्रंथपालाने वाचलं. त्याचा आवाज इतका चांगला आहे, हे सहा महिन्यांत आजच कळलं. नायक पडला की त्याचे सगळे सोबती, आहेत तसे, डावीकडच्या खेळाडूकडे जातात आणि डाव चालू राहतो.

माझ्या डावीकडे ग्रंथपाल. पाचही जण त्याच्यासमोर सरकवले.

"हां, आता आधी लोहार–" कप्तान सुरू झालाच.

"तुम्ही गप्प बसा," ग्रंथपाल म्हणाला.

ग्रंथपाल! मग त्याने एकेकाला शांतपणे उठवलं आणि दोन फेऱ्यांत किल्लेदार आडवा. पाचही सोबती जिवंत. डॉक्टरीण टाळ्या पिटत होती.

"पण तुमची नायिका तर मेली," कप्तान पुटपुटला.

"हो. स्वतःच्या पायांनी गेली."

त्याची गड्डी त्याच्या हातात ठेवली. रबरासकट. चौथ्या खुर्चीचं कुणी नाव काढलं नाही. मेहुणा पंखा बंद करून गेला.

११ फेब्रुवारी, रविवार

ठसकीला फोन लावला. नंबर मी विसरत नाही, जन्म त्यात गेला. सगळं सांगितलं. साहेब, कागद, तीन नावं. शनिवारचा पत्त्यांचा डावसुद्धा. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाली, "ठाऊक आहे, बाई. टायपिस्ट रजेवर होती. ती यादी टाइप करायला माझ्याकडेच आली होती. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. ती पुढे बोलतच होती.

"ते पत्ते कसे खेळतात, बाई? शनिवारी किती वाजता?"

चार वाजता, म्हटलं. खुर्च्या चारच आहेत. बघू, कोण उठतंय ते!