विजेची पेटी आणि मिरजेची सतार

३ एप्रिल १९७८, सकाळी
आजपासून चिडायचं नाही. कलावंताला शोभत नाही. विजेवर वाजणारी पेटी तयार झाली. मी रेडिओ दुरुस्त करतो म्हणून सगळं कुंडल गाव मला मेकॅनिक समजतं. समजू दे. पेटीच्या जोडीला मिरजेचा निजाम सतार वाजवणार. त्यांच्या घरी तीन पिढ्या सतारी बनवतात. तरी जोडीचा मेंदू मीच.

दुपारी
चिडलो. बायको म्हणाली, आवं, पेटी वाजली की म्हस पान्हा चोरतीया.

८ एप्रिल
आष्ट्याच्या कार्यक्रमाचं हँडबिल लिहिलं. ‘आमच्या संगीतावरील प्रभाव : जर्मनी व जपान.’ शॉर्टवेव्हवर दोन्ही ऐकलेत, खरखरीसकट. निजाम म्हणतो, गड्या, जपान कशाला? ही तुझ्या आईची जात्यावरची चाल हाय, आन् ठेका पिठाच्या गिरणीचा. माझी चाल मलाच सांगतो! आईला विचारलं. तिने पुढचं कडवंच म्हणून दाखवलं. माझी प्रॅक्टिस ऐकून उचललेलं दिसतंय. घरातसुद्धा चोऱ्या.

१२ एप्रिल, संध्याकाळी
निजामचं नवीन खूळ. म्हणे, सांच्याला मळ्यातल्या मोटरी सुरू झाल्या की इथला बल्ब मंद होतो आन् पेटीचा सूर उतरतोय. तू जुळवलास त्यो उतरलेला सूर. आष्ट्याला लाइट फुल्ल असतीया, तितं परत जुळव. मी सांगितलं, पुन्हा पुन्हा जुळवायला ही काय सतार आहे? हे सायन्स आहे. त्याच्यादेखत सूर जुळवायच्या स्क्रूंवर लाख ओतून सील केलं. आता कुणाच्या बापाला हलायचे नाहीत.

२२ एप्रिल, आष्टा, कार्यक्रमाआधी
मंडप भरला. बल्ब डोळे दिपवतायत. निजाम म्हणतो, लाख फोड. तिसऱ्यांदा म्हणाला. मी पेटीचा प्लग लावला.

२३ एप्रिल
आष्टेकरांना कान नाहीत. पेटी पहिल्याच सुराला दोन पट्ट्या वर गेली. तिला गाठायला निजाम तारा ताणत राहिला. दोन तुटल्या, तिसरी त्याच्या बोटात घुसली. लोक आधी हसले, मग उठले. दोष सरळसरळ तारांचा. सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, तू सतारीला खुंट्याच बसवत बस. त्याने बोटाला रुमाल गुंडाळला, पेटी उचलली आणि दुरुस्तीला नेतो म्हणून गेला.

३० एप्रिल
त्याचं पत्र नाही. मी त्याला माफ करायचं ठरवलं आहे. त्याने माफी मागितली की लगेच.

६ मे
वाट बघून कंटाळलो. मिरजेला गेलो, तिथेच माफ करायला. त्याच्या आईने, अख्तरबींनी, चहा दिला. निजामच्या बोटाला अजून पट्टी आहे. त्याने पेटी पुढे ठेवली. लाख खरवडून काढलीय, बाहेर एक बटण बसवलंय. म्हणाला, सयाजी, ह्ये फिरवलं की कसल्याबी लाइटवर पेटी सुरात येतीया. आता तुला माझी गरज न्हाई. भांडला असता तर माझी उत्तरं तयार होती. पण तो अगदी साध्या आवाजात बोलला. एसटीची वेळ झाली म्हणून मी पेटी घेऊन उठलो.

७ मे, संध्याकाळी
मोटरी चालू असताना पेटी वाजवली. तंतोतंत सुरात. बायकोसुद्धा म्हणाली, बरं वाजतंय की. सतारीची जागा आली तिथे थांबलो. पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथेच थांबलो. मग बंद केली.
माझं चुकलं, एवढंच काल म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. एसटी एक तास उशिरा आली.