लाटेवर बांधलेला श्वास

अप्पा, सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा चहा केला, एकदा वाळत घातलेले कपडे उगाच चाचपून आले, आणि एकदा कशाला उठले तेच आठवेना. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हिचं बूड एका जागी टेकत नाही. नाहीच टेकत. परवा डॉक्टरांनी छातीला नळी लावून विचारलं, आजी, रोज स्वस्थ बसून श्वासाचा काही अभ्यास करता का? मी हो म्हटलं. इतका दमा असून फुप्फुसं चांगली टिकवलीत, कोणी शिकवलं, असंही त्यांनी कौतुकाने विचारलं. त्या प्रश्नापासून जी चुळबुळ लागली आहे ती काही केल्या जात नाही.

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड नुकती शमली होती. मी आठ-नऊ वर्षांची तुमची लेक, आणि माझा दमा सगळ्या किहीमला ठाऊक. अडुळशाचा काढा झाला, ओव्याचा शेक झाला, धोतऱ्याच्या पानांचा धूरही झाला. शेवटी वैद्यांनी सांगून टाकलं की समुद्राची दमट हवा हिला सोसायची नाही, कोरड्या मुलखात पाठवा. आईचं माहेर घाटावरचं. तिने माझं बोचकं बांधायलाही घेतलं. मी तुमच्या धोतराचा सोगा मुठीत धरून बसले आणि सोडेना. मला घर सोडून जायचं नव्हतं, तुम्हाला सोडून तर मुळीच नाही. तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, शिमग्यापर्यंत पोर माझ्या हाती दे. तोवर हिचा श्वास ताळ्यावर आला नाही तर मी स्वतः नेऊन पोचवीन.

तुम्ही शाळामास्तर, आणि तापट म्हणून प्रसिद्ध. पण आदल्या सुट्टीत पुण्याला मास्तरांच्या शिबिरात सूर्यनमस्कार आणि प्राणायाम शिकून आलात आणि छडी फळ्यामागेच पडून राहू लागली. कंबर धरायची थांबली, रात्री झोप लागू लागली. आईने हे डोळ्यांनी पाहिलं होतं; तरी पोरीच्या बाबतीत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हिला काय जोगीण करायचीय, एवढंच म्हणून ती चुलीकडे वळली.

मग रोज सकाळी आपण नारळाच्या वाडीतून खाली किनाऱ्यावर जातो. तुम्ही वाळूवर गोणपाट अंथरता, मला उजवीकडे बसवता, स्वतः डावीकडे बसता. आधी नमस्कार, अगदी संथ, दम लागला की थांबायचं. मग मांडी घालून डोळे मिटायचे. शिबिरात श्वास मोजायला घड्याळ होतं म्हणे. आपल्याकडे समुद्र होता, म्हणून तुम्ही युक्ती काढलीत: लाट वर चढली की श्वास घ्यायचा, मागे सरली की सोडायचा. मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या कोळणी थांबून आपली थट्टा करत, आणि मला हसू फुटे. मी हळूच डावा डोळा किलकिला करी. लगेच तुमचा आवाज येई, “डोळा मीट. मला कळतं.” दर वेळी, न चुकता. मला वाटे, प्राणायाम करणाऱ्याला मिटल्या डोळ्यांनीही दिसत असावं.

गुण येत होता, अप्पा. अंगात जोर आला, वाडीच्या पायऱ्या न थांबता चढू लागले. धाप लागेल या भीतीनेच पूर्वी अर्धी धाप लागायची, ती भीती ओसरली. मी मनाशी धरूनच चालले होते की आता मी राहिले इथे.

शिमग्याच्या पुनवेला मात्र घात झाला. भरदुपारी उधाणाची भरती, लाटांचा आवाज थेट स्वयंपाकघरात. आई पुरण शिजवत होती, लाकूड ओलं निघालं आणि धूर कोंडला. माझी छाती आवळली. मी शिकवल्याप्रमाणे लाटेला कान दिला. पण त्या दिवशीच्या लाटा एकीवर एक आदळत होत्या. एक मागे सरते न सरते तोच दुसरी. मी त्यांच्यामागे श्वास पळवू लागले, आणि जितका पळवला तितका तो तुटत गेला. ओठ निळे पडले म्हणून आई ओरडली. तुम्ही मला उचलून अंगणात आणलंत आणि मांडीवर घेतलंत. “लाटेला सोड,” तुम्ही कानाशी म्हणालात. “ती तिचं बघेल. तुझा श्वास कसा जातोय तेवढंच बघ. ओढू नको.” मी बघत राहिले. तो वेडावाकडा जात होता, मग थोडा कमी वेडावाकडा, मग माझा माझ्या वेगाने.

म्हणजे मी जिंकले होते. आईसुद्धा म्हणाली, राहू द्या हिला. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन निघालात. धरमतरच्या तरीतून पलीकडे, पुढे मोटारीने पेण, खोपोली, घाट. मामांच्या दारात सोडून तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. दोन पावसाळ्यांनी तुम्ही तापाने गेलात, आणि मी किहीमला परतले ती तुमच्या माघारी. श्वास माघारी आला असताना मला का पाठवलंत, हा राग मी आयुष्यभर चघळत बसले. मला बरं कशाने वाटलं, कोरड्या हवेने की तुमच्या शिकवणीने, तेही आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

पण डॉक्टरांच्या प्रश्नानंतर दुसरंच सुचलं आणि हातातला चहा निवून गेला. माझा डोळा उघडा आहे हे तुम्हाला दर वेळी कसं कळत होतं? तुम्ही स्वतः कधी डोळे मिटलेच नव्हते. मी समुद्राकडे बघत होते आणि तुम्ही माझ्या बरगड्यांकडे. त्या दुपारी मला माझा श्वास परत आलेला दिसला. तुम्हाला तो किती लांब गेला होता तेही दिसलं असणार.

हा कागद घडी करून माझ्या चटईखाली सारते आहे. पाठवायचा तरी कुठे. फक्त एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांना मी हो म्हटलं ते खरं, मी रोज बसते. पण डोळे दोन्ही मिटत नाही. डावा अजून किलकिलाच ठेवते, तुम्ही रागवावं म्हणून.