डाव्या पायात जुना, उजव्यात नवा

मंगळ., ३ जून १९८६

कर्णिकसाहेबांनी सकाळीच केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन बूट, शेजारी शेजारी. एक आपला जुना डोंगरी बूट. तपकिरी, जाड चामडं, सोल शिवलेला, वजन विटेएवढं. दुसरा नवा. निळा, वर मेणकापडासारखं काहीतरी, सोल नुसता चिकटवलेला. बाजूला पांढरे पट्टे. दोन्हींच्या खोक्यावर एकच शब्द : वॉटरप्रूफ.

"नलिनीबाई, दोन्हींची तुलना करून द्या. महिनाअखेरपर्यंत. दोन पानांत. फार खोलात जाऊ नका."

आठ वर्षं मी इथे टेस्टिंगला आहे. खोलात जाऊ नका हे मला दर वेळी सांगतात. मग ठेवलंय कशाला?

नवा बूट हातात घेतल्या घेतल्या मनात म्हटलं, हा गळणार.

गुरु., ५ जून

गळला नाही.

पाण्याचा टब, आत वर्तमानपत्राचे बोळे, चार तास. नव्यातला कागद खडखडीत कोरडा. जुन्यातला टाचेपाशी ओला. सोल शिवलाय ना, टाक्यांच्या भोकातून पाणी येतंच थोडं.

टब बदलला, बूट बदलले, परत चार तास. तेच.

क. साहेब दारात उभे राहून हसले. "मग? लिहून टाका." दिवसभर डोकं दुखत होतं. आपलं खोटं ठरलं की माणसाला एवढा राग का यावा? शिलाई खात्यातले परबकाका जेवणाच्या सुट्टीत आले. जुना बूट मूळ त्यांनी बसवलेला. त्यांना निकाल सांगवेना. सांगितला. ते म्हणाले, "टबात कोण चालतो गं?" आणि डबा उघडला.

रवि., ८ जून

दिनू घरभर नवे बूट घालून फिरतोय. माझा धाकटा भाऊ, वय सव्वीस, डोंगरवेडा. ह्याच्या घाटकोपरच्या क्लबला आमच्या कंपनीने बावीस जोड फुकट दिलेत, वर ह्याला एक. जुलैत बायकांचं शिबिर आहे, सगळ्या पहिल्यांदा गडावर जाणाऱ्या, त्यांच्यासाठी. जाहिरातीला फोटो मिळतील म्हणून. मध्यस्थ कोण? मीच. मार्चमध्ये मीच क. साहेबांशी गाठ घालून दिली. तेव्हा बूट म्हणजे जुने, असंच धरून चालले होते.

"ताई, झकास आहेत! पाय आहे की नाही कळत नाही."

"लादी पुसलीय आत्ता."

"अगं नवे आहेत, स्वच्छ आहेत."

अण्णांनीही घालून बघितले. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून चपलेशिवाय काही पायात नाही. दोनदा गॅलरीत जाऊन आले. "हलके हत गो. पायाक काय लागणा नाय."

घरात दोन मतं नव्याला. माझं एक, तेही पुराव्याशिवाय.

गुरु., १२ जून

आजपासून डाव्या पायात जुना, उजव्यात नवा. टबात कोण चालतो, हे डोक्यातून जाईना.

मुलुंड ते भांडुप बसने, पुढे पंधरा मिनिटं कारखान्यापर्यंत चालत. डबक्यातून, मुद्दाम. कंडक्टरने पाय बघितले, तोंड बघितलं, काही बोलला नाही. भाजीवाली बोलली. "ताई, घाईत निघालात का?" ऑफिसात टायपिस्ट मुलींनी तर वाट लावली. साडीखाली एक तपकिरी, एक निळा. चालताना एक पाय जड, एक हलका, त्यामुळे लंगडल्यासारखं होतं. हसू देत.

रवि., १५ जून

दिनूबरोबर मुलुंडच्या डोंगरावर, येऊरच्या अंगाला. पाऊस मध्यम. चार तास चालणं, ओढा तीनदा ओलांडला.

खरं लिहायचं तर : डाव्या टाचेला फोड. जुन्यात पाणी वरून शिरलं ते बाहेर पडायचं नाव घेईना, पचपच. नवा मजेत. दगडावर धरत होता बऱ्यापैकी.

खाली उतरल्यावर चहाच्या टपरीवर दिनू म्हणाला, "बोल."

"काही नाही बोलायचं."

"तुला जुना आवडतो कारण तुझ्या पहिल्या वर्षाचा आहे तो. एवढंच आहे."

असेलही. पण म्हणून... चहा पाणचट होता.

सोम., २३ जून

उजवा मोजा ओला!

ऑफिसात पोचल्यावर लक्षात आलं. करंगळीपाशी. बूट उलटा करून वाकवला, तर जिथे पाऊल मोडतं तिथे सोल आणि वरचं कापड ह्यांच्यात फट. माझं नख गेलं आत. बूट सरळ केला की फट गायब. टबात बूट वाकतच नाही, मग दिसणार कशी?

परबकाकांनी चष्मा लावून पाहिलं. तीन-चार वेळा वाकवलं. खूश होतील वाटलं होतं. झाले नाहीत. म्हणाले, "अकरा दिवसांत एवढं, तर पुढे सोल हा असा लोंबणार. पाणी जाऊ दे. माणूस अडखळून पडेल त्याचं काय?"

माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. मी मोज्यातच अडकले होते.

बुध., २५ जून

क. साहेब : "एका जोडाचा दोष आहे."

मी : "फट सगळ्यांनाच पडेल साहेब, सोल नुसता चिकटवलाय."

"तुमची चालायची पद्धत काय आहे?"

"म्हणजे?"

"एका पायात एक, एका पायात एक. भार सारखा पडतो का? हे काय शास्त्रीय झालं?"

दोन आठवडे लोक माझ्या पायांना हसले ते चाललं. आता हे. आणि राग ह्याचा की मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. बरं. आणखी तीन जोड मागून घेतले. परबकाका, मी, आणि अण्णा.

मंगळ., १ जुलै

तिघांचे पाच-पाच दिवस झाले. माझा जोड (दोन्ही पायांत नवे) फाटायला सुरुवात. परबकाकांचा उजवा फाटला. अण्णांचे शाबूत. अण्णा पाय घासत चालतात, बूट वाकतच नाही. आता परत द्यायला तयार नाहीत. "माझे बरे हत, माका कित्याक मागतस?"

दोन पानं लिहिली. नवा हलका, टबात उत्तम, पायाला सुखाचा, हे सगळं लिहिलं. आणि शेवटी : चालताना सोल पुढून सुटतो, डोंगरावर वापरू नये, शिवल्याशिवाय बाजारात आणू नये. सही केली. कार्बन कॉपी पर्समध्ये.

गुरु., ३ जुलै

"शेवटचा परिच्छेद काढा."

"नाही काढत."

"मग 'साधारण वापरास योग्य' असं घाला. खोटं आहे का ते?"

खोटं नाही. हीच तर ह्या माणसाची कमाल. "साहेब, आपण डोंगरी बूट म्हणून विकतोय." त्यांनी पानं ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवर बंद केला. "बघू."

शिबिर १२ तारखेला.

शुक्र., ४ जुलै

दिनूला सांगितलं. व्हायचं तेच झालं.

"आठ दिवस राहिलेत ताई! बायकांनी नावं दिलीत, पायांचे नंबर दिलेत, आता ऐन वेळी सांगू चपला घालून या?"

"जुन्या बुटांचं बघते मी..."

"बावीस जोड? कुठून? तूच आणलेस ना हे? तुझ्याच कंपनीचे. मार्चमध्ये तू गप्प होतीस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मग आता पण नव्हतं समज. ओल्या पायाने कोणी मरत नाही."

"ओल्या पायाचं कोण बोलतंय! सोल लोंबतो रे पुढून."

ताट तसंच टाकून उठला. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी काय करू? मार्चमधलं खरंच आहे.

शनि., ५ जुलै

परबकाकांशी बोलले. ते म्हणाले, पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी दुहेरी टाका घातला तर सोल सुटणार नाही. पण सुईची भोकं पडणार. पाणी शिरणार.

म्हणजे वॉटरप्रूफ ठेवला तर सोल सुटतो, सोल धरला तर वॉटरप्रूफ नाही. छान. कंपनीने ह्यावर पट्टे काढलेत पांढरे.

बूट क्लबच्या खोलीत आहेत, किल्ली दिनूकडे. दिनू बोलत नाही.

मंगळ., ८ जुलै

दिनू हनवटीला पट्टी बांधून आला. घाटकोपर स्टेशनबाहेर बस पकडायला धावला, नव्या बुटाचा पुढचा सोल दुमडला, आडवा झाला फुटपाथवर. तीन टाके.

अण्णा, अगदी शांतपणे : "टाके बुटाक पडाक होये होते, ते तुका पडले."

मला हसू आवरेना. दिनूला हसता येईना, टाके ताणत होते. नंतर स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर किल्ली ठेवली.

गुरु., १० जुलै

काल आणि आज, कामावरून सुटल्यावर थेट घाटकोपर. क्लबची खोली म्हणजे एका चाळीतली तळमजल्याची, दोरखंड आणि पातेली ह्यांच्यात तिघे बसलो. परबकाकांची आरी, मेण लावलेला दोरा. ते भोक पाडणार, मी दोरा ओढणार, दिनू बूट गुडघ्यात धरणार. बोटांना चरे पडलेत, हे लिहिताना पेन धरवत नाही.

एकवीस जोड झाले. बाविसावा नाही. सुलभा केणी म्हणून एक बाई आहेत, टेलिफोन खात्यात, त्यांनी गेल्या आठवड्यातच घरी नेले. दहिसरला राहतात. दिनू म्हणाला, निरोप पाठवू. मी म्हटलं, उद्या बघू.

रवि., १३ जुलै

परत आलो. मीही गेले होते.

पाऊस सतत. दीड तासात एकवीस बायकांचे पाय ओले. प्रत्येकीने मला सांगितलं. "तुमच्या कंपनीचे बूट गळतात हो!" "वॉटरप्रूफ ना?" एक बाई तर गडाच्या दरवाजात बूट काढून पाणी ओतून दाखवत होती. सोल कोणाचाही सुटला नाही. जे झालंच नाही ते दाखवणार कसं?

केणीबाईंचे पाय तेवढे कोरडे. त्या सगळ्यांना सांगत होत्या, माझे बघा किती छान.

उतरताना, दरवाजाखालच्या पायऱ्यांवर, त्यांच्या उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला आणि पायरीत अडकला. माझ्या डोळ्यांदेखत. सात-आठ पायऱ्या घसरत गेल्या. खाली दिनू होता, त्याने अंगावर घेतलं, नाहीतर डावीकडे काही नव्हतं. नुसतं धुकं.

घोटा सुजून हा एवढा. चौघांनी आळीपाळीने उचलून गावापर्यंत आणलं. तीन तास. सगळा वेळ त्या माझीच समजूत घालत होत्या. "तुम्ही रडू नका हो, मलाच नीट चालता येत नाही."

दहिसर. बसने दीड तास फक्त. कंटाळा केला मी. दुसरं काही कारण नाही.

गुरु., १७ जुलै

केणीबाईंकडे जाऊन आले. घोट्याचं हाड चिरलंय, सहा आठवडे प्लास्टर. सगळं सांगितलं त्यांना. फट, टाके, एकवीस, बावीस, दहिसर.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला फोन का नाही केलात? टेलिफोन खात्यात आहे मी."

चहा विचारला नाही. बरोबर केलं.

सोम., २१ जुलै

कंपनीत क्लबच्या बायकांची तक्रारपत्रं. बूट गळतात. क. साहेबांनी एक जोड मागवून घेतलेला, टेबलावर. टाक्यांवर बोट ठेवून,

"हे कोणी केलं?"

"मी."

"कंपनीच्या मालाशी छेडछाड. त्यामुळे बूट गळले. त्यामुळे कंपनीची बदनामी."

"आणि केणीबाईंचा पाय? त्या जोडाला टाके नव्हते साहेब."

"त्या बाईंची तक्रार आलेली नाही."

"माझी दोन पानं तुमच्या ड्रॉवरमध्ये आहेत."

"कुठली दोन पानं?"

लेखी खुलासा पुढच्या सोमवारपर्यंत. सोमवारी वरचे साहेब येणार. कार्बन कॉपी आहे म्हणून बरं. ती आहे हे मात्र मी बोलले नाही. का कोण जाणे. अजून दोन दिवस हा माणूस काय काय बोलतो ते बघायचं होतं बहुतेक.

बुध., २३ जुलै

परबकाका : "लिही, परबांनी घातले टाके. माझी दोन वर्षं राहिलीत. मला काय करतात?"

"दोन वर्षं राहिलीत म्हणूनच करतील काका."

भांडलो. शिलाई खात्यात सगळे मशीन थांबवून ऐकत होते. शेवटी ठरलं, दोघांची नावं. म्हणजे त्यांनी ठरवलं.

शुक्र., २५ जुलै

खुलासा तीनदा लिहिला. पहिला फार लांब. दुसऱ्यात दिनूने 'दिलगीर आहे' खोडलं. मी म्हटलं, केणीबाईंच्या बाबतीत आहे मी दिलगीर. तर म्हणाला, "ते त्यांना सांगितलंस ना, ह्यांना कशाला?" तिसरा एका पानात बसला. केणीबाईंचं पत्र आलं तर जोडीन. मागितलेलं नाही. मागायचं तोंड नाही.

संध्याकाळी सुटताना जिन्यात क. साहेब. आजूबाजूला कोणी नाही असं बघून थांबले. मला वाटलं, राजीनामा सुचवणार.

"नलिनीबाई, ऑगस्टमध्ये माझी मुलगी कॉलेजबरोबर जातेय. ट्रेकला. आपलेच नवे बूट दिलेत तिला." छत्रीची मूठ फिरवत राहिले. "परबांकडून एक जोड तसा शिवून मिळेल का? घरच्यासाठी."

मी म्हटलं, "लेखी द्या साहेब."

तोंड उतरलं. जिना उतरून गेले.

बसमध्ये इतका आनंद झाला होता मला. भांडुप ते मुलुंड. घरी येऊन दिनूला सांगितलं, तोही टाळ्या पिटतोय.

मग जेवताना त्या पायऱ्या आठवल्या. डावीकडचं ते धुकं.

परबकाकांना सोमवारच्या आधी सांगायला हवं. ते काही न विचारता शिवून देतील. मुलीच्या पायाचा नंबर मात्र विचारायचा राहिला.