जाड पडदा

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा मीच पडदा ओढला.

विलासला सातपूरच्या कारखान्यात बारा तासांची रात्रपाळी लागल्यापासून आमच्या घरात दिवस उजाडतच नाही. तो सकाळी येऊन झोपतो आणि खिडकीवर तो जाड, चॉकलेटी पडदा. खोलीला खिडकी एकच, पश्चिमेची. ऊन येतं तेच दुपारी. स्वयंपाकघराची खिडकी तर इमारतीच्या अंधाऱ्या डक्टात उघडते. मी ट्यूबखाली ओट्याशी बसून लिहायचं. लिहायचं कसलं! कित्येक दिवसांत एक धड पान नाही. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं.

दुपारी राहवलं नाही. पडदा वीतभर सरकवला. फरशीवर उन्हाचा पट्टा आला. त्यात पावलं ठेवून उभी राहिले आणि रडूच आलं. एवढ्याशा उन्हासाठी?

"अगं, पडदा..." विलास डोळ्यांवर हात धरून म्हणाला.

"पाचच मिनिटं. गुदमरतेय रे मी."

"काल रात्री प्रेस मशीनवर डुलकी लागली मला. थोडक्यात हात वाचला."

हे त्याने सकाळी सांगितलंच नव्हतं. मी पडदा ओढला. त्याच्या झोपेशी भांडू कशी? आणि नाही भांडले, तर मी कुठे जाऊ?

आत्ता डबा घेऊन निघाला. दारातून म्हणाला, "घ्या बाईसाहेब, आता खिडकी तुमची."

मी धावत जाऊन तो चॉकलेटी पडदा पार टोकापर्यंत सरकवला. बाहेर अंधार पडला होता. दुपारी ऊन होतं त्या फरशीवर पाऊल ठेवून पाहिलं. गार.