एका माणसाला दोन पुष्कळ

क्वार्ट्झसाइटजवळ, ॲरिझोना
१९ जानेवारी

प्रिय लोइस,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही पोचले. मोजे ड्वेनने लगेच ढापले. तुमच्या नेब्रास्कात गुडघाभर बर्फ आणि आम्ही इथे उन्हात बसून कॉफी पितोय, म्हणून फार जळू नकोस. सूर्य बुडाला की इथेही दातावर दात वाजतात. तुझी कंबर कशी आहे? बर्फ उपसायला कोणाला तरी सांग, उगाच मर्दुमकी दाखवायला जाऊ नकोस.

फोन करत नाही म्हणून तू रागावलीस. अगं, हे फिरतं घर ते केवढं! पुढच्या सीटवर कुजबुजलं तरी मागच्या पलंगावर ऐकू जातं. ड्वेनची फुप्फुसं कामातून गेली असली तरी मेल्याचे कान शाबूत आहेत. म्हणून हे पत्र. तू दोनच गोष्टी विचारल्यास, डॉक्टर काय म्हणाले आणि नंतर मी तुझ्याकडे राहायला येणार का. सांगते. आधी बॅटऱ्यांचं ऐक.

आमच्या घरच्या बॅटऱ्या गेल्या. इंजिनाची वेगळी असते, ती ठणठणीत आहे. दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप चालवणाऱ्या गेल्या. या वाळवंटात विजेचा खांब नाही. दिवसा छपरावरच्या सौर पॅनेलने बॅटऱ्या भरायच्या आणि रात्री त्यांच्यावर जगायचं. आणि ड्वेनला ऑक्सिजनचं मशीन लागतं ते जास्त करून रात्रीच. दहानंतर जनरेटर लावायचा नाही, हा इथला शिरस्ता. शेजारचे लोक म्हणाले, तुम्ही लावा, आम्ही काही म्हणणार नाही. पण ड्वेन कसला ऐकतोय! म्हणून बॅटऱ्या गेल्यापासून रात्री ऑक्सिजनच्या सिलिंडरवर निघत होत्या. सिलिंडरवाला आठवड्यातून एकदा येतो आणि शेवटच्या दोन रात्री ड्वेन पुरवून पुरवून श्वास घ्यायचा. मी शेजारी पडून ते ऐकत असायचे.

तर आम्ही गावात बॅटऱ्या घ्यायला गेलो. दुकानात किप नावाचा वेणीवाला माणूस आहे, चांगला आहे. ड्वेनने शिशाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जन्मभर खांबांवर चढून तारा ओढलेला माणूस, लिथियमला ‘खेळणी’ म्हणायचा, तो म्हणतो, लिथियमच दे.

“का रे? तुझा तर विश्वास नव्हता,” मी म्हटलं.

“शिशाची तुला उचलवणार नाही. ही उचलून बघ.”

उचलली. वर्षाच्या मुलाएवढी भरली. मला वाटलं, माझ्या पाठीची काळजी वाटतेय म्हाताऱ्याला. जरा सुखावलेसुद्धा, खोटं कशाला बोलू!

मग किपने विचारलं, “किती देऊ? चार ना?”

“दोन.”

“काका, तुमचं ते मशीन रात्रभर चालवायचं तर दोनांत नाही भागणार. पहाटेच्या आत बंद पडेल.”

“मशीनचं मला सांगू नकोस. फ्रिज, दिवे, पंप आणि हिचा पंखा. एका माणसाला दोन पुष्कळ झाल्या.”

एका माणसाला! लोइस, माझ्या हातात अजून ती बॅटरी होती. किप बिचारा खाली मान घालून बिल करायला लागला. गाडीशी आल्यावर मी जे तोंड सोडलं, ते अख्ख्या रस्त्याने ऐकलं असेल. “मला विधवा करून मोकळा झालास, तेही दुकानदारासमोर!” म्हटलं. तो नाकातली नळी नीट करत शांतपणे म्हणाला, “जास्तीच्या घेऊन काय करू? उद्या तुलाच वागवत बसावं लागेल त्यांचं ओझं.” मला इतका संताप आला की मी रडलेच नाही.

डॉक्टरांचं आता लिहिते. फिनिक्सच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर हा उन्हाळा दिसणार नाही. तिथे भरती होऊन त्यांचे उपचार घेतले तर काही महिने वाढतील. ड्वेन म्हणाला, “बघू.” लोइस, आमच्या लग्नाला त्याने ‘बघू’ म्हणूनच होकार दिला होता. या ‘बघू’च्या आशेवर मी किती दिवस काढलेत ते माझं मला ठाऊक.

दोन्ही बॅटऱ्या त्याने मलाच जोडायला लावल्या. स्वतः घडीच्या खुर्चीत राजासारखा बसला आणि ओरडायला लागला. “काळी तार आधी काढ! काळी! लाल शेवटी!” “पान्याला चिकटपट्टी गुंडाळलीस का? दोन टोकांना एकदम टेकला तर भुवया जळतील, आधीच विरळ आहेत.” पलंगाखाली डोकं खुपसून मी त्याला शिव्या घालत होते आणि तो खोकत खोकत हसत होता. मी दोन्ही तारा पहिल्याच बॅटरीवरून घेतल्या, तर म्हणाला, “सगळा भार एकीवर टाकलास. लाल पहिलीवरून घे, काळी शेवटचीवरून. म्हणजे दोघी सारख्या ओढतील.” ती रात्र किप म्हणाला तशीच गेली. मशीन पहाटेच्या आत बंद पडलं आणि ड्वेनने हात लांब करून सिलिंडर ओढला.

मी कुठली ऐकतेय! गेल्या मंगळवारी शेजारच्या कॅनडावाल्या बाईला घेऊन गेले आणि तशाच आणखी दोन आणल्या.

“मी सांगणार नाही कसं करायचं ते,” ड्वेन म्हणाला.

“कोण विचारतंय तुला?”

अख्खा दिवस लागला. आधी चारही पूर्ण भरून घेतल्या, कारण कमी भरलेली जोडली की ती दुसरीतलं ओढून घेते. तारा एका मापाच्या कापल्या. काळी आधी सुटी केली. लाल पहिलीवर, काळी चौथीवर. पाना गुंडाळलेला. एकेक नट पुन्हा पुन्हा आवळला. त्याला दाखवायचंच होतं मला, की घे, ही तुझी रात्र, पुरी घे, पुरवून पुरवून नको.

मग तो काठी टेकत आला, कष्टाने खाली बसला आणि प्रत्येक तार हलवून पाहिली. फार वेळ पाहत होता. मी वाट बघत होते, की आता ओरडेल. तर म्हणाला, “मर्ना, मला बोट ठेवायला जागा ठेवली नाहीस गं.” आणि लोइस, तो हसला. डोळे ओले होते, पण हसला.

मशीन रात्रभर चाललं. तोही शांत झोपला, आणि मी वेडी खूश होऊन मशीनच्या घरघरीला कान लावून पडले होते. वाटलं, जिंकले.

सकाळी कॉफी घेताना म्हणाला, “फिनिक्सला फोन कर. सांग, भरती व्हायचं नाही.”

“पण आता तर सगळं झालंय! मशीन रात्रभर चालतंय!”

“म्हणूनच,” तो म्हणाला. “तुला एकटीला जमेल की नाही, तेवढं एकच अडलं होतं माझं. आता दमलोय गं मी.”

माझ्याच हाताने मी त्याला मोकळं केलं. फोन केला. डॉक्टरीणबाई फार चांगल्या बोलल्या. त्याला वाटतंय मी इथेच, या गाडीत, मजेत राहीन. आणि मी ‘हो’ म्हणते. तू मात्र खालची खोली माझ्यासाठी तशीच ठेव. याहून जास्त मला आज लिहवत नाही.

तो बाहेर उन्हात बसलाय, तुझे मोजे घालून. कशाचीही घाई नसलेल्या माणसासारखा. एक नट सैल ठेवायला हवा होता गं. नुसता एक. मला ओरडण्यासाठी तरी राहिला असता.

सगळं अचूक जोडून बसलेली
तुझी बहीण,
मर्ना