नव्या सरकारनं आधी काय करावं

डेटन, मंगळवार

प्रिय नेल्डा,

पाकिटावरचं अक्षर बघून हे शेगडीत टाकावं असं तुझ्या मनात येईल. टाक, पण वाचून टाक. आठवीत शाळा सुटल्यापासून मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा एवढी पानं भरायला मला किती वेळ लागला असेल याचा तरी विचार कर. फोनच करणार होते. दोनदा उचललाही. पण फोनवर आता मला फक्त प्रश्न विचारता येतात, बोलता येत नाही.

माझं म्हणशील तर गुडघे गेले. एकोणीस वर्षं त्या धुलाईच्या कारखान्यात ओल्या चादरी उचलल्या, आणखी काय होणार. डॉक्टर म्हणाला, बसून करायचं काम बघा. मी म्हटलं, तुम्हीच बघा, आठवी शिकलेल्या बाईला खुर्ची कोण देतो. पण मिळाली खुर्ची. एका मोठ्या खोलीत आम्ही चाळीस बायका आणि पाच-सहा रिकामटेकडे म्हातारे कानाला फोन लावून बसतो आणि लोकांना प्रश्न विचारतो. सध्या एकच चाललंय. जानेवारीत नवं सरकार येतंय, तर नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्यांदा कशाला हात घालावा, त्याच्या खालोखाल कशाला, आणि का. महागाई, सरहद्द, औषधपाणी, नोकऱ्या, म्हातारपणाची पेन्शन, शाळा, गुन्हेगारी अशी यादी वाचायची. प्रत्येक माणसाला यादीचा क्रम बदलून वाचायचा, नाहीतर लोक ऐकलेलं पहिलंच नाव घेऊन मोकळे होतात. नंबर यंत्र लावतं, आम्हाला दिसतही नाही. माझं नाव इथं कॅरल आहे. ट्रेवा म्हटलं की लोक तीनदा विचारतात, म्हणून त्यांनीच दिलं.

नियम ऐकशील तर हसशील. लिहिलंय तेवढंच वाचायचं. छान म्हणायचं नाही, अरेरे म्हणायचं नाही. माणूस रडला तरी पुढचा प्रश्न. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत टाईप करायचं, आपलं मीठमसाला नाही. मला, नेल. जिला आई म्हणायची की हिच्या तोंडाला दार बसवा, तिला. पहिल्याच आठवड्यात एक बाई म्हणाली, अंड्यांचे भाव खाली आणा. मी म्हटलं, बाई, ते काय त्यांच्या परसात कोंबड्या पाळणारेत का. आमच्यावर केशिया म्हणून देखरेखीला आहे, ती कधीही मधेच कुणाचंही बोलणं ऐकते. तिनं ते ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, ट्रेवा, तुमचं मत विचारलंय का कुणी. नाही विचारलं. चोपन्न वर्षांत कुणीच नाही. तेव्हापासून मी दातांवर दात ठेवून वाचते.

पण लोक बोलतात गं. एक ट्रकवाला म्हणाला, रस्ते करा, माझं कंबरडं मोडलं. एकजण म्हणाला, शेजाऱ्याचा कोंबडा बंद करा, हे सरकारचं काम नसेल तर सरकार हवंय कशाला. एका म्हातारीला यादी वाचून दाखवली, तर म्हणाली, सगळं चांगलं आहे, पुन्हा वाच. पुन्हा वाचली. तिला काही निवडायचं नव्हतं, कुणीतरी वाचत राहायला हवं होतं. मी तिसऱ्यांदाही वाचली. कोण निवडून आलं नि कोण पडलं याच्याशी मला देणंघेणं नाही, ज्यांनी भांडायचं ते भांडोत. पण संध्याकाळी बसमधून घरी येताना मला रोज वाटायचं, हे सगळं जातं कुठं. आम्ही टाईप करतो, त्याचे आकडे होतात, आकडे टीव्हीवर येतात. त्या म्हातारीचं काय होतं?

गेल्या आठवड्यात केशियानं सांगितलं की आता केंटकीच्या डोंगराकडचे जिल्हे घेतलेत. आपलाही त्यात होता. बाकीच्या बायका कुरकुरल्या, तिकडचं बोलणं कळत नाही म्हणून. मी म्हटलं, मला कळतं. आणि त्या दिवसापासून मी हिशोब करत बसले. आपल्याकडे माणसं ती किती, आणि त्यातून घरात जुना तारेचा फोन ठेवणारी किती. नियम साफ आहे. ओळखीचं माणूस निघालं तर माफी मागायची, फोन दुसरीकडे द्यायचा. मी रोज मनात घोकत होते, निघालं तर देऊन टाकीन.

काल, सोमवारी दुपारी निघालं.

तू हॅलो म्हणालीस. मागे तुझ्या व्हर्लिनच्या खोकल्याचा आवाज होता, आणि स्वयंपाकघरातल्या त्या घड्याळाचा, जे आईनं कधी बंद पडू दिलं नाही. सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला, नेल. मी माफी मागून फोन द्यायला हवा होता. मी म्हटलं, नमस्कार, माझं नाव कॅरल, आपली दहा मिनिटं मिळतील का. तू म्हणालीस, दहाच आहेत, शेगडीवर बीन्स आहेत.

मी वाचत गेले. लाकडासारखी. आवाजाला इथलं वळण दिलं, शब्द छाटून छाटून बोलले. यादी वाचली. तू म्हणालीस, औषधपाणी. खालोखाल? रस्ते म्हणालीस. मग तो तिसरा प्रश्न, आपल्या शब्दांत सांगा, का. तू म्हणालीस, आमचं हॉस्पिटल बंद झालं त्याला सात वर्षं झाली, ते उघडा म्हणावं. आता जवळचं एक तास दहा मिनिटांवर आहे. मला वळणं पाठ आहेत. माझ्या आईला झटका आला तेव्हा गावची एकुलती एक ॲम्ब्युलन्स दुसऱ्या टोकाला गेलेली होती. मी तिला आठ मिनिटांत गाडीत घातलं, मागच्या सीटवर, नवरा तिचं डोकं मांडीवर धरून बसला. चर्चच्या पुढच्या उतारावर तिचा श्वास बदलला. मी गाडी थांबवली नाही. थांबून काय करणार होते. लिहिताय ना तुम्ही? मी म्हटलं, लिहितेय.

लिहीत होते. अक्षर न् अक्षर. नियमच आहे.

आठ मिनिटं. आणि मी थडग्यापाशी, मामी आणि चर्चच्या सगळ्या बाया उभ्या असताना, काय बोलले ते तुला माहीत आहे. तासभर आधी उचललं असतंस तर आई आज असती, तू पहिल्यापासूनच ढिली. मी दुसऱ्या दिवशी इथून चार तास गाडी हाणत आले होते, माझ्याकडे राग होता आणि तो कुठेतरी टाकायचा होता. तू समोर होतीस. हातातलं केकचं ताट तसंच धरून उभी राहिलीस, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक, आईला आवडायचा तो. आदल्या रात्रभर जागून केला असशील. मी त्याचा तुकडाही न घेता गाडीत बसले. तू तेव्हाच का नाही सांगितलंस मला, आठ मिनिटं? पण मी विचारलं कुठं होतं. मला त्यासाठी पगार मिळायला लागला तेव्हा विचारलं.

आणखी एक प्रश्न होता. गेल्या वर्षभरात घरातल्या कुणी उपचार पुढे ढकलले का. तू म्हणालीस, हो, मी. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. समोरून गाडी आली की दिव्यांचा नुसता फुलोरा दिसतो. ऑपरेशन करायला डॉक्टर तयार आहे, पण मग काही आठवडे गाडी चालवायची नाही म्हणतो. आणि नवऱ्याला मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसला न्यायचं असतं, तासाभरावर. शेजारचा न्यायचा, तो मुलाकडे गेला राहायला. एक खेप चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की काय होतं ते मला बघायचं नाही. म्हणून चालवते तशीच. उजवीकडची पांढरी रेघ धरून.

पुढचा प्रश्न मला दिसेना. पडदा तसाच होता, माझेच डोळे. तू म्हणालीस, आहात ना? मी म्हटलं, घरात प्रौढ माणसं किती राहतात. तू म्हणालीस, दोन, आणि एक खाट जास्तीची आहे, बहिणीची. चादर बदलते मी अधूनमधून. मी "दोन" टाईप केलं. खाटेला तिथं रकाना नाही.

मग शेवटचं वाक्य वाचलं, आपण वेळ दिल्याबद्दल आभारी आहोत. आणि तू म्हणालीस, एवढी घाई कसली, राहा की अजून.

आपल्याकडे दारातनं निघणाऱ्याला हे म्हटल्याशिवाय कुणी सोडतं का. आणि निघणारा काय म्हणतो ते पाळण्यात शिकलेलं. बारा मिनिटं मी स्वतःला आवळून धरलं होतं, एक उसासा टाकला नव्हता, आणि तोंडातून आपसूक निघालं, नको, तूच चल आमच्याकडे. आपल्या बोलीत, आईच्या सुरात. कॅरल कुठल्या कुठं गेली. घड्याळ ऐकू येत होतं. मग तू हळूच फोन ठेवलास.

तू आधीच ओळखलं होतंस ना? मला वाटतं त्या यादीतच ओळखलंस. माझी जीभ दोन प्रश्नांच्या मधे टकटक वाजते, केशियाही त्यावरून टोकते. म्हणूनच ते चर्चच्या उताराचं सांगितलंस. परक्या कॅरलला कोण सांगेल आईचा श्वास कुठं बदलला ते.

केशिया ऐकत होती. आली, माझ्या खुर्चीला हात लावून उभी राहिली. म्हणाली, बहीण? मी मान हलवली. म्हणाली, ट्रेवा, तुम्ही पहिल्या हॅलोलाच थांबायला हवं होतं, आता हे धरता येत नाही. मी म्हटलं, अगं, एकही शब्द बदलला नाही मी, वाचून बघ. तिनं वाचलं, उभ्या उभ्या, सगळं. मग डोळे पुसून म्हणाली, तरी पुसावं लागेल. आणि माझ्यासमोर पुसलं, तिला तरी काय दोष द्यायचा. वर दोन आठवडे घरी बसायची शिक्षा. मी म्हटलं, दोन नको, सहा दे. ती मग म्हणाली, दिले.

तर नेल, हे सांगायला लिहायला बसले की तुझं उत्तर कुठंही पोचलेलं नाही. तू शेगडीवरचे बीन्स सोडून नव्या सरकारला सांगितलंस आणि माझ्यामुळे ते पुसलं गेलं. आकड्यात तू नाहीस. हे ऐकलं फक्त मी. तेव्हा आता जे करायचं ते मलाच करावं लागणार. हॉस्पिटल माझ्यानं उघडायचं नाही, रस्ताही नाही. गाडी येते. गुडघे गेले तरी उजवा पाय अजून शाबूत आहे. रविवारी दुपारी पोचते. मंगळवारी व्हर्लिनला मी नेईन, गुरुवारी मी, शनिवारी मी. त्याला सांग, माझं गाणं सहन करायची तयारी ठेव. तू डोळ्यांच्या डॉक्टरला फोन करून आधी एका डोळ्याची तारीख घे, पत्र येईल त्याच दिवशी, टाळाटाळ केलीस तर मी आल्यावर बोलेन. वाटेत त्या चर्चच्या उतारावर मला एकदा गाडी थांबवायची आहे, तूही बरोबर ये. थडग्यापाशी बोलले ते परत घ्यायला मला दुसरी जागा सुचत नाही. आणि या खेपेला मी निघायला लागले आणि तू म्हणालीस, राहा की अजून, तर मी तूच चल म्हणणार नाही. खाटेवरची चादर बदलून ठेव.

तुझीच, कॅरल नव्हे,
ट्रेवा